चर्चच्या भट्टीतले हेडर

वोयतोविच यांच्या जेवणाच्या टेबलावर गेली तीन वर्षं हेडरचे दोन संच मांडून ठेवलेले होते. एक लांब नळ्यांचा, एक आखूड नळ्यांचा. जेवायला बसलं की कॅझला समोरची बायको, मार्सेला, त्या नळ्यांच्या फटींतून अर्धीच दिसायची, आणि बटाट्याचा वाडगा पलीकडे द्यायचा तर उभं राहावं लागायचं. पाहुणे आले की मार्सेला त्यांच्यावर टेबलक्लॉथ टाकायची. पाहुणे विचारायचे, आत काय आहे? मग कॅझ टेबलक्लॉथ काढायचा आणि पाहुण्यांनाच विचारायचा, "तुमचं काय मत? लांब की आखूड?"

हेडर म्हणजे इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या. इंजिनाच्या दोन्ही अंगांना चार-चार, आणि पुढे जाऊन चारांची एक जाड नळी होते. कारखान्याने दिलेलं बिडाचं धूड काढून त्या जागी या बसवल्या की इंजिन मोकळं होतं, जोर वाढतो आणि आवाज असा निघतो की छातीत कळतो. लांब घेतल्या तर जोर जास्त, पण त्या गाडीखाली लोंबतात. आखूड घेतल्या तर जोर बेताचा, पण कुठे अडत नाहीत. प्रश्न एवढाच, पण त्यावरून मिशिगनमधल्या आमच्या लिंडेन फॉल्समध्ये दोन तट पडले होते. मी कोणत्या तटात होतो ते सांगत नाही. मला अजून याच गावात राहायचं आहे.

गाडी म्हणजे सत्तर सालची शेव्हेल. गर्द निळी, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे. कॅझने ती विसाव्या वर्षी घेतली, प्लँटमध्ये पत्रे दाबायच्या कामाला लागला त्याच वर्षी. पुढच्या उन्हाळ्यात तो तिच्यातून मार्सेलाला लून तळ्यावर घेऊन गेला आणि परत येताना लग्न ठरलेलं होतं. मग मुलं झाली, मागच्या सीटवर मावेनात, आणि शेव्हेल ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. निवृत्त झाल्यावर कॅझने ती पुन्हा काढली. इंजिन स्वतःच्या हातांनी उघडलं, बांधलं, रंगवलं. सुंदर काम केलं, यात वाद नाही. आता फक्त हेडर बसवायचे राहिले होते, आणि तीन वर्षं ते राहिलेलेच होते.

कारण कॅझला विचारायची खोड. त्याने सगळ्यांना विचारलं होतं. दाताच्या डॉक्टरला त्याने, डॉक्टरचे दोन्ही हात आपल्या तोंडात असताना, विचारलं. फादर लिओनार्ड यांना पापांची कबुली देतादेता मधेच विचारलं, तेव्हा फादरांनी प्रायश्चित्त दुप्पट दिलं. गावातला न्हावी व्हर्जिल, जो हौशी अग्निशमन दलाचा प्रमुखही होता, लांब तटाचा पुढारी. मार्सेलाचा भाऊ एमिल, जन्मभर वेल्डिंग केलेला, आखूड तटाचा. कॅझ व्हर्जिलकडे केस कापायला गेला की लांब ठरवून यायचा आणि रविवारी एमिलकडे जेवला की आखूड. केस महिन्यातून एकदा कापतात आणि रविवार चार येतात, तरी व्हर्जिलचं पारडं खाली जायचं नाही, कारण त्याच्या हातात वस्तरा असायचा.

उपवासाचा काळ सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी आमच्याकडे पोंचकी खातात. मुरंबा भरलेले तळलेले गोळे, एकेक मुठीएवढा. त्या सकाळी मार्सेलाने कॅझच्या पुढ्यात चार ठेवले. दोनपेक्षा जास्त ठेवले की काहीतरी बोलायचं आहे, हे बावन्न वर्षांत त्याला कळलेलं होतं.

"एक माणूस आहे," मार्सेला नळ्यांपलीकडून म्हणाली. "रेमंड म्हणून. त्याला शेव्हेल हवी आहे. शेवटच्या फिश फ्रायनंतरच्या शनिवारी बाराला येतोय."

"येऊ दे की. बघेल आणि जाईल."

"बघेल आणि नेईल. तोवर गाडी स्वतःच्या चाकांवर हलली, तर राहील. नाही हलली, तर तो घेऊन जाईल. मी बहात्तर वर्षांची झाले, कॅझ. मला त्या गाडीतून एकदा तळ्यावर जायचं होतं. तिच्याकडे नुसतं बघत बसायचं तर मी फोटो बघेन."

कॅझचा घास तोंडातच राहिला. भरल्या तोंडानेच त्याने विचारलं, "कुठला आहे हा रेमंड?"

"ओहायोचा."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मिशिगनच्या माणसाच्या लेखी जगात तीन प्रकारची माणसं असतात: आपली, परकी आणि शेजारच्या ओहायो राज्यातली. शेव्हेल जळून गेली असती तर कॅझने दुःख केलं असतं. ती ओहायोत जाणार म्हटल्यावर त्याला पोंचकी गोड लागेना. फ्रिजवर मार्सेलाच्या अक्षरात चिठ्ठी लागली: रेमंड, शनिवार, बारा वाजता. आणि आठवड्यातून दोनदा ती फोन घेऊन आतल्या खोलीत जाऊ लागली. दार लावून बोलायची, अर्धा-अर्धा तास.

दुसऱ्या दिवसापासून उपवास. आमच्यात या चाळीस दिवसांसाठी प्रत्येकाने काहीतरी सोडायचं असतं. शुक्रवारी मांस तर सगळ्यांनाच वर्ज्य, म्हणून दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात गावाला तळलेले मासे वाढतात, तोच फिश फ्राय. मार्सेलाने चॉकलेट सोडलं. डबा फ्रिजच्या वर, स्वतःच्या हाताला लागणार नाही असा ठेवला. कॅझ दरवर्षी बिअर सोडायचा आणि दरवर्षी ईस्टरपर्यंत घर सोसायचं. यंदा मार्सेला म्हणाली, "बिअर पी खुशाल. तू विचारणं सोड. चाळीस दिवस कुणालाही कसलंही मत विचारायचं नाही."

कॅझला ते पटलं, आणि कोणाला न विचारता पटलं, ही पहिलीच खेप. नेम कडक पाळायचा असं त्याने ठरवलं. फक्त रविवार उपवासात धरत नाहीत अशी आमच्याकडे जुनी सवलत आहे. त्यामुळे झालं असं, की सहा दिवस कॅझ ओठ मिटून गॅरेजमध्ये बसायचा आणि रविवारी प्रार्थना संपली की चर्चच्या दारात उभा राहून आठवड्याचे सगळे प्रश्न एकदम विचारायचा. लोक मागच्या दाराने जायला लागले. पाच रविवार असे गेले. पाचव्या रविवारी लांबला एकतीस मतं पडली आणि आखूडला एकतीस. बासष्ट माणसांना विचारूनही कॅझ होता तिथेच होता.

बुधवारी सकाळी मात्र चमत्कार झाला. ओहायोचा माणूस यायला तीन दिवस उरले होते आणि विचारायला कोणी नव्हतं. कॅझ एकटा गॅरेजमध्ये गेला, इंजिन थोडं वर उचललं, लांब नळ्या खालून सरकवल्या आणि त्या बसल्या. स्टीअरिंगला बोटभर अंतर, स्टार्टरला बोटभर अंतर. त्याने इंजिनात डोकावून पाहिलं आणि त्या आठ नळ्यांच्या वळणांवरून हात फिरवला, आणि त्याला एकदम कळलं की आपल्याला पहिल्या दिवसापासून लांबच हव्या होत्या. त्याचे डोळे भरून आले. तो धावत घरात गेला, मार्सेलाला सांगायला तोंड उघडलं, आणि "कसं वाटतं?" असं विचारून बसू या भीतीने तसाच परत आला.

गुरुवारी त्याने नळ्या पुन्हा काढल्या आणि काळा रंग फवारला, कारण कोऱ्या लोखंडाला एका पावसाळी आठवड्यात गंज चढतो. रंगाच्या डब्यावर लिहिलं होतं: आधी अडीचशे डिग्री फॅरनहाइटवर अर्धा तास भाजा, मग चारशेवर, मग सहाशेवर, नाहीतर रंग टिकणार नाही. आमच्या भागात घरच्या ओव्हनमध्ये गाडीचे भाग भाजलेले निदान दहा संसार आहेत. त्यांतले आठ टिकले. पण कॅझने मोजून पाहिलं. लांब नळ्या घरच्या ओव्हनमधून हातभर बाहेर येत होत्या, आणि तो ओव्हन पाचशेच्या पुढे जात नव्हता.

सहाशे डिग्रीला जाणारी आणि लांब नळ्या पोटात घेणारी भट्टी गावात एकच होती. चर्चच्या तळघरातली. बंद पडलेल्या पिझ्झाच्या दुकानातून आणलेली, आठ जणांनी जिन्यावरून उतरवलेली. त्या आठांत कॅझ होता, आणि शुक्रवारची टेबलं तोच लावायचा, म्हणून तळघराची किल्ली त्याच्याकडे होती. एरवी त्याने फादरांना विचारलं असतं, मार्सेलाला विचारलं असतं, आणि दोघांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण आता शुक्रवार उजाडला होता. विचारायला बंदी होती. नेम म्हणजे नेम.

सकाळी नऊला त्याने नळ्या भट्टीत सरकवल्या. स्वयंपाकाची माणसं बाराला येणार होती, म्हणजे वेळ भरपूर. अडीचशेला काही झालं नाही. चारशेला जरा वास आला, तो कॅझला आवडला. सहाशेला भट्टीच्या फटींतून निळसर धूर निघू लागला आणि कॅझने तो कोंडू नये म्हणून पंखा लावला. हा पंखा धूर कुठे नेतो याचा विचार करायची त्याच्यावर आजवर कधी वेळ आली नव्हती. तो वरच्या मजल्यावर नेतो, वेदीच्या डाव्या हाताला.

वर तेव्हा बायकांची जपमाळ चालली होती. ब्याण्णव वर्षांच्या जेनेव्हीव्ह आजींनी दीर्घ श्वास घेतला आणि शेजारणीला म्हणाल्या की फादरांनी नवा धूप आणलेला दिसतो, जुन्यापेक्षा जोरकस आहे. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत धुराची घंटा वाजायला लागली. ती घंटा थेट बंबाच्या शेडमध्ये वाजते.

चार मिनिटांत बंब दारात. व्हर्जिल एका गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं तसंच ठेवून आला होता. मागे एमिल आणि आणखी सहा जण, सगळे शिरस्त्राणं घालून, पाइप घेऊन तळघराच्या जिन्यावरून खाली. समोर भट्टी, भट्टीपुढे हात पसरून उभा कॅझ. "पाणी नको," तो कळवळून म्हणाला, "पाणी मारलंत तर तडकतील." व्हर्जिलने त्याला बाजूला केलं आणि भट्टीचं दार उघडलं.

आत, जिथे दर शुक्रवारी मार्सेलाची चीज घातलेली मॅकरोनी शिजते तिथे, आठ काळ्या नळ्या शांतपणे भाजत होत्या. आठही जण थांबले. वरून घंटा वाजतच होती.

"लांब घेतल्यास," व्हर्जिल म्हणाला, आणि त्याचा आवाज जड झाला.

"चुकलास," एमिल म्हणाला.

"काय चुकला? बघ वळण कसं आहे ते."

"वळण घेऊन काय चाटायचंय? खाली लोंबतील त्या. पहिल्याच उंचवट्यावर अडेल गाडी."

"उंचवटे बघून गाडी चालवणारे आखूडच घेतात."

मग जे जुंपलं त्याला तोड नाही. आठांचे चार-चार झाले. पाइप जमिनीवर, शिरस्त्राणं काखेत, आणि तळघरात धूर असा की बोलणारा दिसत नव्हता, फक्त मत ऐकू येत होतं. कोणीतरी टेबलावर सांडलेल्या पिठावर बोटाने धुराची दिशा काढून दाखवत होतं. घंटा बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही; उलट ती वाजते म्हणून सगळे आणखी मोठ्याने बोलू लागले. कॅझ मध्ये उभा होता. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याने काही विचारलेलं नव्हतं आणि आठ जण उत्तर देत होते. खरं सांगायचं तर तो सुखात होता.

एवढ्यात जिन्यावर मार्सेला दिसली. हातांत मॅकरोनीचा पहिला ट्रे, आणखी सात बाहेर गाडीत. तिने ट्रे खाली ठेवला आणि भिंतीपाशी जाऊन घंटा बंद केली. त्या शांततेत आठांनी शिरस्त्राणं पुन्हा डोक्यावर घातली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तिने भट्टीत पाहिलं. मग कॅझकडे पाहिलं. "कोणाला विचारून घातलंस हे?"

"कोणालाच नाही," कॅझ म्हणाला. "शुक्रवार आहे ना."

मार्सेलाच्या ओठांचा कोपरा किंचित हलला, पण तेवढाच. चार वाजता तीनशे माणसं मासे खायला येणार होती. तिने तिथल्या तिथे कामं वाटली. या भट्टीत आज अन्न जाणार नाही. उद्या कॅझ ती आतून घासेल. मासे कढईत तळायचे असतात, त्यांची अडचण नाही. मॅकरोनीचे आठ ट्रे, बंबवाले आठ, प्रत्येकाच्या घरी ओव्हन एक. बंबाने घरोघर ट्रे पोहोचवायचे आणि बायकांना नीट सांगायचं की पुरे चाळीस मिनिटं. बंबवाल्यांनी माना हलवल्या.

"आणि ते झालं की सगळ्यांनी आमच्या गॅरेजमध्ये जायचं," मार्सेला म्हणाली. "तीन वर्षं आठ तोंडं चालली. आता सोळा हात चालू देत. चारच्या आत मला त्या गाडीचा आवाज इथे ऐकू आला पाहिजे."

त्या दुपारी वोयतोविच यांच्या गॅरेजमध्ये जे काम झालं तसं प्लँटमध्येसुद्धा कधी झालं नसेल. चार जण गाडीखाली, चार वरून. नळ्या अजून कोमट होत्या, त्या मार्सेलाच्याच जाड हातमोज्यांनी धरल्या. मागच्या पाइपाशी जोड जमेना तेव्हा एमिलने वेल्डिंगचं सामान आणलं. जोड मारताना तो सारखा पुटपुटत होता की ही चूक आहे, ही चूक आहे. पण जोड असा मारला की बोट फिरवलं तरी कळू नये. चारला दहा मिनिटं असताना कॅझने किल्ली फिरवली.

पहिल्यांदा ती खोकली. दुसऱ्यांदा तिने आळस दिला. तिसऱ्यांदा गॅरेजच्या खिडकीच्या काचा थरथरल्या, भिंतीवरचे पाने नाचले, शेजारच्या कुत्र्याने एकदा भुंकून विषय सोडून दिला. व्हर्जिलने टोपी काढली. एमिल तोंड फिरवून उभा राहिला आणि बाहीने डोळे पुसत म्हणाला की रंगाचा धूर फार आहे. चर्चच्या रांगेतल्या तीनशे लोकांनी माना वळवल्या. तळघरात मार्सेला मासे सोडत होती. तिने झारा खाली ठेवला आणि एप्रनसकट जिना चढायला लागली.

शेव्हेल रस्त्याने निघाली. मागे बंब, दिवे लावून. कॅझ एका हाताने चालवत होता आणि दुसऱ्याने लोकांना हात दाखवत होता, विशीत दाखवायचा तसाच. चर्चच्या आवाराच्या तोंडाशी तो ऐटीत वळला, आणि खर्रर्र करून गाडी थांबली. पुढची चाकं आत, मागची बाहेर, आणि मध्ये स्पीडब्रेकर, त्यावर लांब नळ्या टेकलेल्या.

हा स्पीडब्रेकर दोन वर्षांपूर्वी चर्चच्या समितीने बसवला होता. चार इंची ठेवायचा असं ठरत होतं. समितीत कॅझ होता. त्याने घरोघर जाऊन विचारलं, चार की सहा? गावाने सहा सांगितलं.

एमिल बंबातून उतरला, वाकून पाहिलं, आणि सरळ झाला. "आखूड असत्या तर," त्याने सुरुवात केली.

"तोंड मिट आणि उचल," व्हर्जिल म्हणाला.

आठ जणांनी चार बाजू धरल्या. तेवढ्यात मार्सेला रांगेतून वाट काढत आली, शेजारचं दार उघडलं आणि आत बसली. गाडी आणखी इंचभर खाली गेली. आठांनी एकमेकांकडे पाहिलं. उतरा म्हणायची कोणाची छाती झाली नाही. लांबवाल्यांनी आणि आखूडवाल्यांनी एका दमात ती दोघांसकट उचलली आणि पलीकडे ठेवली. रांगेने टाळ्या वाजवल्या. फादर लिओनार्ड यांनी दारातूनच आशीर्वाद दिला आणि तळघराच्या वासाबद्दल ईस्टरनंतर बोलायचं ठरवलं. आठही बंबवाले कमरेवर हात ठेवत जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

गाडीत जरा वेळ दोघं नुसतं इंजिन ऐकत बसली. मार्सेलाने हात डॅशबोर्डवर ठेवला होता. नळ्यांची थरथर तिथवर पोहोचत होती.

"उद्या त्याला काय सांगायचं?" कॅझ म्हणाला.

"कोणाला?"

"रेमंडला. ओहायोच्या."

"असा कोणी नाही," मार्सेला पट्टा लावत म्हणाली.

"फ्रिजवर चिठ्ठी आहे."

"अक्षर माझंच आहे ना?"

"आणि ते फोन? दार लावून?"

"माझी बहीण. तुझं सांगितलं की ती फार मोठ्याने हसते. ओहायोचं नाव काढल्याशिवाय तू हलला नसतास, कॅझ."

नेम कडक पाळलेल्या माणसाला असली गोष्ट लागते. "अगं, पण उपवासाचे दिवस. इतके दिवस माझ्याशी धडधडीत खोटं बोललीस?"

"मी यंदा चॉकलेट सोडलं होतं," मार्सेला म्हणाली. "खोटं बोलणं नव्हे. मासे एमिलची बायको बघतेय. घे गाडी तळ्याकडे."

कॅझने गिअर टाकला, आवारात एक वळसा मारला आणि ब्रेक लावला. आमच्या चर्चच्या आवारातून बाहेर पडायला वाट एकच आहे. ती त्या स्पीडब्रेकरवरून जाते. त्याने आरशात पाहिलं. आठही जणांच्या हातात नुकत्याच भरलेल्या ताटल्या होत्या. एमिलने पहिला घास उचललेला होता. कॅझने विचारायला तोंड उघडलं.

"शुक्रवार आहे," मार्सेला म्हणाली. "तू विचारायचं नाहीस."

आणि हात लांब करून तिने हॉर्न दाबला.